कॅमेरा पकच्या मागे, रक्षक चौकटीबाहेर : आइस हॉकीच्या ऑनलाइन सेवेचे एक वर्ष

रत्नागिरीत राहून आइस हॉकीचे सामने पाहण्यासाठी पैसे मोजणाऱ्या माणसाने आधी स्वतःबद्दल चार शब्द सांगणे भाग आहे, नाहीतर हे परीक्षण कोणी गंभीरपणे वाचणार नाही. माझी नोकरीची सगळी वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. १९७७ च्या फेब्रुवारीत, अगदी पहिल्याच फेरीत, आमचे जहाज दुरुस्तीसाठी माँट्रियलला अडकून पडले होते, आणि बाहेरच्या थंडीत पाऊल टाकण्याची हिंमत नसलेल्या आम्हा तिघा-चौघा कोकणी पोरांनी खलाशांच्या विश्रामगृहातल्या टीव्हीसमोर बसून शनिवारची रात्र काढली. पडद्यावर काय चालले आहे ते आमच्यापैकी कोणालाच धड कळत नव्हते. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात पक्की बसली. १९ क्रमांकाचा, ताडमाड उंचीचा एक गडी समोरून भरधाव येणाऱ्या माणसाच्या अंगावर धावून जात नव्हता. तो उलटा सरकत सरकत त्याला कडेच्या फळीपर्यंत घेऊन जायचा, आणि तिथे पोहोचल्यावर त्या माणसाला पुढे वाटच उरलेली नसायची. त्याचे नाव लॅरी रॉबिन्सन हे मला दुसऱ्या दिवशी बंदरावरच्या कामगारांकडून कळले. तेव्हापासून मी या खेळात गोल करणाऱ्यांपेक्षा गोल होऊ न देणाऱ्यांकडे पाहत आलो आहे, आणि ही सेवाही मी त्याच हेतूने घेतली.

सेवेचे नाव येथे देत नाही. एकदाच घ्यायची वर्गणी त्यांनी दोनदा कापली असून त्याबाबतचा पत्रव्यवहार अजून संपलेला नाही. तो संपण्याआधी नाव घेऊन लिहिणे मला योग्य वाटत नाही. वर्षाची वर्गणी म्हणजे हंगामाच्या शेवटी भाव उतरल्यावर चार पेट्या हापूसला पडतील तेवढे पैसे, म्हणजे निवृत्त माणसाने घरात दोनदा विचारून मग भरावेत असे. त्या पैशांत उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक साखळीचे म्हणजे एनएचएलचे चालू हंगामातले सामने थेट पाहता येतात, जुन्या सामन्यांचा संग्रह खुला होतो, आणि जाहिरातीत ज्याचा सर्वांत मोठा गाजावाजा केलेला असतो तो ‘पिढ्यांची तुलना’ हा विभाग वापरता येतो. या तिसऱ्या गोष्टीसाठीच मी पैसे भरले, आणि माझी मुख्य तक्रारही त्याच गोष्टीबद्दल आहे.

थेट प्रक्षेपणाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला आणि तिकडची घड्याळे पुढे सरकवली की साडेचारला सुरू होतो, त्यामुळे भाट्याच्या किनाऱ्यावर फेरी मारून आल्यावर चहाबरोबर शेवटचा भाग पाहणे सहज जमते. चित्र स्वच्छ असते. वीज गेली नाही आणि वाऱ्याने कुठे माड तारेवर आडवा झाला नाही, तर सामना अडखळत नाही. आणि माड आडवा झाला तर त्यात सेवेचा काय दोष.

आता तुलनेकडे वळतो. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो की २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फाच्या रिंकवर एका बाजूचे गोलरक्षक धरून सहा जण उतरतात, आणि त्यांतले दोघे रक्षक असतात. त्यांचे काम समोरच्याला अडवणे, त्याच्याकडून पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, काढून घेणे आणि ती आपल्या आघाडीच्या खेळाडूंना नीट पोहोचवणे. वर्षातल्या सर्वोत्तम रक्षकाला १९५४ पासून नॉरिस करंडक दिला जातो. बॉबी ऑर याने तो १९६८ ते १९७५ असा सलग आठ वेळा जिंकला. डग हार्वे आणि निकलास लिडस्ट्रॉम यांनी प्रत्येकी सात वेळा. या तिघांत श्रेष्ठ कोण, आणि आजचा कोलोराडोचा केल मकार त्यांच्या पंक्तीत बसतो का, हा वाद हॉकीवेड्यांत आपल्याकडच्या गावसकर-तेंडुलकर वादाइतकाच जुना आणि तेवढाच न संपणारा आहे. सेवेची जाहिरात म्हणते की हा वाद आता तुम्हीच घरबसल्या सोडवा.

विभाग उघडल्याबरोबर एक तक्ता समोर येतो. त्यात रक्षकांची क्रमवारी गुणांवर लावलेली आहे, म्हणजे स्वतः केलेले गोल आणि इतरांना करून दिलेले गोल यांच्या बेरजेवर. साहजिकच रे बर्क १५७९ गुणांसह सर्वांत वर आहे, त्याच्याखाली १५३१ गुणांचा पॉल कॉफी. ऑर ९१५ गुणांसह बराच खाली जातो, कारण गुडघ्याने दगा दिल्यामुळे त्याला केवळ ६५७ सामने मिळाले. हार्वे १११३ सामने खेळून ५४० गुणांवर, म्हणजे पडदा खूप खाली ओढल्यावर कुठेतरी. आणि रॉड लँगवे तर ३२९ गुणांसह जवळजवळ तळाशी. हा तोच लँगवे आहे, ज्याला १९८४ साली नॉरिस करंडक मिळाला तेव्हा त्याच्या नावावर हंगामात ३३ गुण होते आणि त्याच हंगामात कॉफीच्या नावावर १२६. मत देणारे क्रीडापत्रकार सलग दोन वर्षे काय पाहून लँगवेला निवडत होते, याचा पत्ता या तक्त्यावरून कधीच लागणार नाही. तक्त्याने गोल मोजले आहेत. लँगवेच्या बाजूने जे गोल होऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी त्यात रकानाच नाही.

मोजलेल्या गोष्टींतही एक ढोबळ चूक आहे, आणि माझ्या जुन्या धंद्यामुळे ती मला फार लागली. खेळाडू प्रत्येक सामन्यात सरासरी किती मिनिटे बर्फावर होता याचा एक रकाना आहे. ही नोंद साखळीने १९९७-९८ च्या हंगामापासून ठेवायला सुरुवात केली. त्याआधीच्या खेळाडूंपुढे जागा कोरी असायला हवी होती. या सेवेने तेथे शून्य छापले आहे. म्हणजे ऑर शून्य मिनिटे खेळला, हार्वे शून्य मिनिटे खेळला आणि रॉबिन्सनही शून्य मिनिटे खेळला! इंजिनरूमच्या लॉगबुकात दाबाच्या रकान्यात ‘शून्य’ लिहिणे आणि जागा कोरी सोडणे यांतला फरक आम्हाला पहिल्याच आठवड्यात ओरडून शिकवला जात असे. कोरी जागा म्हणजे मापक बंद होता. शून्य म्हणजे पंप बंद पडला, पळा. दोन खेळाडू शेजारी ठेवले की हेच शून्य त्या सेवेच्या ‘एकूण गुणांकना’त मिसळले जाते की नाही, हे मी दोनदा विचारले. उत्तर आलेले नाही.

‘प्लस-मायनस’ हा रकाना त्यातल्या त्यात बरा. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर एक वाढतो, आपल्यावर झाला तर एक कमी होतो. पॉवर प्लेवर, म्हणजे समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षा होऊन बाहेर बसलेला असताना, झालेले गोल यात धरत नाहीत. १९७०-७१ मधले ऑरचे अधिक १२४ आणि १९७६-७७ मधले रॉबिन्सनचे अधिक १२० हे आकडे अजून कोणाला गाठता आलेले नाहीत. पण हे आकडे वाचतानाही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. १९६७ पर्यंत साखळीत सहाच संघ होते; मग एका झटक्यात बारा झाले आणि ऑरच्या त्या हंगामात चौदा. नव्या, कच्च्या संघांना झोडपून काढण्याची संधी त्याला मिळाली, जी हार्वेला त्याच्या ऐन भरात कधीच मिळाली नाही. आणि रॉबिन्सनच्या त्या हंगामात माँट्रियल ८० पैकी केवळ ८ सामने हरले. संघच असा असताना त्यातल्या एका रक्षकाच्या नावावरचे १२० त्याचे किती आणि बाकीच्यांचे किती, हे कसे वेगळे काढणार? रॉबिन्सन माझा लाडका आहे, म्हणूनच हे मुद्दाम लिहितो.

तक्ता सोडून चित्रांकडे गेलो तर तेथे वेगळीच गंमत. दोन काळांतले दोन खेळाडू शेजारी शेजारी दोन चौकटींत दाखवण्याची सोय कल्पना म्हणून उत्तम आहे. मी डावीकडे हार्वे आणि उजवीकडे लिडस्ट्रॉम लावला, आणि दहाच मिनिटांत माझे मत असे होऊ लागले की हार्वे समोरच्या खेळाडूपासून फारच लांब राहतो. समोरचा आणि रक्षक यांच्यातले हे अंतर म्हणजे या कलेचा प्राण आहे: फार लांब राहिलात तर समोरचा मोकळेपणी फटका मारतो, फार जवळ गेलात तर तो एका वळणात तुमच्या मागे असतो. हार्वेसारखा माणूस यात चुकेल हे मनाला पटेना. मग लक्षात आले की डावीकडचे सगळेच खेळाडू जरा जास्तच आडव्या अंगाचे दिसत आहेत. गोलच्या मागून घेतलेले एक चित्र थांबवून मी टीव्हीवर फूटपट्टी लावली. गोलची चौकट ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असते, म्हणजे रुंदी उंचीच्या दीडपट. पडद्यावर ती बरोबर दुप्पट भरली. जुन्या टीव्हीचे चार-तीन मापाचे चित्र या लोकांनी आजच्या सोळा-नऊ मापाच्या पडद्यावर दोन्ही बाजूंनी ताणून बसवले आहे. त्यामुळे ९ फुटांचे अंतर १२ फुटांचे भासते, आणि पन्नाशीच्या दशकातला प्रत्येक रक्षक आळशी ठरतो. मदत केंद्राला कळवले, तर ‘आपल्या टीव्हीचे सेटिंग तपासा’ असे छापील उत्तर आले. नाइलाजाने तपासले, आणि खरोखर टीव्हीच्याच सेटिंगमध्ये चित्राचे माप चार-तीन केल्यावर हार्वे माणसासारखा दिसू लागला. मात्र तसे केले की शेजारचा लिडस्ट्रॉम काडीपैलवान होतो, म्हणजे दोन्ही एकत्र पाहण्याची सोय निकालात निघते. तेव्हापासून मी एकेक सामना वेगवेगळा पाहतो, आणि तोच या सेवेचा खरा उपयोग आहे असे आता माझे मत झाले आहे.

तुलनेच्या विभागात अमुक एक खेळाडू शोधला की समोर येतात ते त्याचे गोल आणि त्याने मारलेले धक्के. रक्षकाचा गोल ही त्याच्या कामातली वरकड कमाई. पण संग्रह करणाऱ्याला तेवढेच सापडते, कारण कॅमेरा पकच्या मागे धावत असतो आणि चांगला रक्षक बहुतेक वेळ पक जिथे नसते तिथे उभा असतो. याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे या खेळातला सर्वांत प्रसिद्ध गोल. १० मे १९७०, बॉस्टन विरुद्ध सेंट लुईस, अंतिम मालिकेतला चौथा सामना, जादा वेळेची ४० सेकंदे झालेली. ऑर गोल करून हवेत आडवा झाला आहे, ते छायाचित्र जगभर गेले. सेवेची चित्रफीत सुरू होते ती ऑरचा बॉस्टनचा सहकारी सँडरसन गोलजवळून पक परत ऑरकडे देतो तिथून. पुढे फटका, गोलरक्षक ग्लेन हॉलच्या पायांमधून गेलेली पक, सेंट लुईसच्या पिकार्डच्या काठीने उचललेला ऑरचा पाय, आणि उड्डाण. एकूण दोन-तीन सेकंद.

संग्रहातच तो संपूर्ण सामना आहे. तो लावून त्याच क्षणाच्या थोडे आधीपासून पाहिले, तर खरी गोष्ट कळते. सेंट लुईसचे खेळाडू उजव्या कडेने पक बाहेर काढू पाहत आहेत, आणि ऑर निळ्या रेषेवरची (जिथून समोरच्या संघाचा भाग सुरू होतो) रक्षकाची जागा सोडून ती अडवायला पुढे घुसतो. पक त्याच्या बाजूने निसटली असती तर मागे मैदान मोकळे होते, समोरचे दोघे-तिघे सुटले असते आणि जादा वेळेत एक गोल म्हणजे सामना संपला. ऑरने ती अडवली, सँडरसनला दिली आणि स्वतः गोलकडे झेपावला. उड्डाणाचे कौतुक सगळे करतात; मला मात्र त्या पुढे टाकलेल्या पावलात ऑर दिसतो. ते पाऊल उचलण्याचा अधिकार त्याला त्याच्या पायांनी दिला होता, कारण चूक झालीच तर परत मागे पोहोचण्याइतका वेग त्याच्याकडे होता आणि इतर कोणाकडेही नव्हता. गुणांच्या यादीत साखळीत पहिला येऊन आर्ट रॉस करंडक जिंकणारा तो आजवरचा एकमेव रक्षक आहे, १९७० आणि १९७५ असा दोनदा. आणि डाव्या गुडघ्यावर वारंवार शस्त्रक्रिया होऊन तिशीतच तो खेळातून बाहेर पडला.

हार्वेचे काम याच्या नेमके उलट. कॅनडात हॉकीचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण १९५२ मध्ये सुरू झाले, त्यामुळे त्याचे हाती लागण्याजोगे पूर्ण सामने मोजके आणि धुरकट आहेत. १९३० च्या दशकात चार वेळा साखळीचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या एडी शोअरच्या वाट्याला तर तेवढेही नाही, आणि म्हणून या सेवेच्या दृष्टीने तो जणू जन्मालाच आला नव्हता. तरी त्या मोजक्या सामन्यांत हार्वे ओळखू येतो. स्वतःच्या गोलमागून तो पक घेऊन निघतो तेव्हा त्याला कसलीही घाई नसते. समोरचा अंगावर येईपर्यंत तो थांबतो, आणि समोरचा आला म्हणजे त्याने सोडलेल्या जागेत पक सरकवतो. सामना किती वेगाने चालायचा हे तोच ठरवतो. त्याच्या काळातल्या माँट्रियल संघाचा पॉवर प्ले एवढा जीवघेणा होता की पुढे नियमच बदलावा लागला. तोवर दोन मिनिटांची शिक्षा झालेला खेळाडू, आपल्या संघावर कितीही गोल झाले तरी, पूर्ण दोन मिनिटे बाहेर बसत असे. १९५६ पासून एक गोल झाला की तो परत येऊ लागला. एका हंगामात नऊपेक्षा जास्त गोल कधीही न केलेला हा माणूस त्या पॉवर प्लेच्या मुळाशी होता.

लिडस्ट्रॉमचे सामने मी पावसाळ्यात माझ्या भाच्याबरोबर पाहिले. तो तालुक्याच्या एका संघात डावा कोपरारक्षक म्हणून कबड्डी खेळतो, आणि मैदानात पाणी साचले की त्याला संध्याकाळी करण्यासारखे काही उरत नाही. पहिल्या सामन्यात अर्धा तास गेल्यावर त्याने विचारले, ‘‘मामा, तुम्ही ज्याला बघायला बसवलंत तो काहीच करत नाहीये की.’’ मी त्याला पक सोडून फक्त पाच क्रमांकाकडे पाहायला सांगितले. ते सोपे नाही, कारण निम्मा वेळ तो चौकटीच्या बाहेर असतो आणि तो परत कुठून आत येतो त्यावरून मधल्या वेळात त्याने काय केले असेल हे जुळवावे लागते. तेवढ्यात एक चाल आली. समोरचा मधून वेगाने निघाला. लिडस्ट्रॉमने अंगाने काहीच केले नाही, फक्त काठीचे पाते बर्फावर टेकवून आतली वाट बंद केली आणि आपले खांदे किंचित वळवून बाहेरची वाट उघडी ठेवली. समोरच्याने अर्थातच उघडी वाट धरली. ती वाट फळीपाशी संपत होती. तिथे पोहोचल्यावर त्याने नाइलाजाने पक कोपऱ्यात लोटून दिली, आणि ती लिडस्ट्रॉमच्या जोडीदाराने उचलली. धक्का नाही, झटापट नाही, आणि तक्त्यात कोणाच्याही नावावर काही नाही.

भाचा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘‘आमच्यात पण असंच असतं. गेल्या स्पर्धेत माझ्या कोपऱ्याकडे चढाईपटू यायचाच बंद झाला, सगळे उजवीकडे जायचे. शेवटी माझ्या नावावर दोन पकडी. पेपरात उजव्या कोपऱ्याचं नाव.’’

माझ्या मते या सेवेच्या संपूर्ण तुलना विभागाचे परीक्षण या दोन पकडींत आले.

लिडस्ट्रॉमला मी हार्वेच्या घराण्यातला मानतो, आणि त्याला आणखी एक कारण आहे, जे वेगवेगळ्या काळांची तुलना करणाऱ्याने विसरू नये. रिंकच्या मध्यावर १९४३ मध्ये लाल रेषा आली, आणि २००५ पर्यंत आपल्या निळ्या रेषेच्या मागून थेट त्या लाल रेषेपलीकडे पक देणे नियमबाह्य होते. त्यामुळे रक्षकाला पाठीमागची काळजी कमी असे. २००४-०५ चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला. त्यानंतर खेळ सुरू झाला तेव्हा ही अट गेलेली होती आणि काठीने अडकवणे, धरून ठेवणे यांबद्दल पंच कडक झाले होते. धरून-ओढून निभावून नेणाऱ्या अनेक रक्षकांचे त्या एका वर्षात वय झाले. लिडस्ट्रॉमने बदलाच्या आधी २००१, २००२, २००३ आणि बदलानंतर २००६, २००७, २००८ असा नॉरिस करंडक जिंकला, आणि सातवा २०११ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी. दोन वेगळ्या खेळांत एकच माणूस सर्वोत्तम ठरला, कारण तो मुळात कोणाला धरतच नव्हता. सेवेने त्याच्या आयुष्याचे हे दोन भाग वेगळे दाखवायला हवे होते. त्यांनी सगळे एका बेरजेत घातले आहे.

हीच गोष्ट गोलांच्या काळाची. १९८१-८२ मध्ये एका सामन्यात दोन्ही बाजू मिळून सरासरी आठ गोल होत. २००३-०४ मध्ये पाचाच्या थोडे वर. कॉफीने १९८५-८६ मध्ये केलेले ४८ गोल हा रक्षकांचा हंगामी विक्रम आजही अबाधित आहे, पण तो कुठल्या हवेत झाला हे शेजारी लिहिल्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे. केल मकारने २०२४-२५ मध्ये ३० गोल केले आणि नॉरिस करंडक दुसऱ्यांदा घेतला, तेही आजच्या बत्तीस संघांच्या आणि दरवाजाएवढे साहित्य बांधलेल्या गोलरक्षकांच्या काळात. मकार पाहताना मला वारंवार ऑर आठवतो: निळ्या रेषेवर आडवे सरकताना अचानक दिशा उलटी करणे, आणि चूक झाली तर परत येण्याचा तोच भरवसा. तो त्या घराण्यातला आहे एवढे आज म्हणता येते. घराण्यात कितवा, हे सांगण्याइतके सामने अजून झालेले नाहीत.

संग्रहातली सर्वांत मोठी उणीव रशियन खेळाडूंची. व्याचेस्लाव फेतिसोव १९८४ आणि १९८८ चे ऑलिंपिक सुवर्णपदक घेऊन १९८९ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्याची ऐन भराची वर्षे मॉस्कोत गेली, आणि त्यातला एकही सामना येथे नाही. तक्त्यात तो एक मध्यम दर्जाचा खेळाडू दिसतो. आपल्याकडचा एखादा रणजी खेळाडू केवळ उतारवयातल्या परदेशी हंगामांवरून जोखावा, तसा हा प्रकार आहे.

आता मला कोणी विचारले की यांत श्रेष्ठ कोण, तर ऑर हा या खेळातला मी पाहिलेला सर्वांत मोठा खेळाडू आहे, यात मला शंका नाही. पण एका गोलची आघाडी आहे आणि दोन मिनिटे उरली आहेत, अशा वेळी मी लिडस्ट्रॉम आणि हार्वे यांना बर्फावर पाठवीन आणि ऑरला बाकावर बसवून ठेवीन. तो रागावेल, त्याला इलाज नाही. आणि रॉबिन्सनला माझ्या शेजारी बसवीन, कारण १९७७ ची ती रात्र मी त्याला देणे लागतो.

वर्गणी घ्यावी का, याचे उत्तर तुम्ही काय पाहणार यावर आहे. तुलनेच्या विभागासाठी घेणार असाल तर पैसे फुकट जातील. पूर्ण जुन्या सामन्यांसाठी घेणार असाल आणि टीव्हीचे चित्र चार-तीनवर आणायची तयारी असेल, तर मी तरी ती पुन्हा घेणार आहे. हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि जूनमध्ये संपतो. पुढचे तीन महिने थेट सामने नसतात, पण आपल्याकडे मासेमारीबंदी, पाऊस आणि भिजलेली मैदाने असल्यामुळे संग्रह पाहायला तेच दिवस सोयीचे. पैसे भरताना आपोआप नूतनीकरणाची खूण मात्र आधी काढून टाका. ती पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत आहे, आणि माझा पत्रव्यवहार तिच्यापासूनच सुरू झाला.